तीन रकाने आणि तिसरा प्रश्न

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू १९ वर्षांची आहेस आणि पहिल्यांदाच सौंदर्यस्पर्धेत उतरते आहेस. फोटो काढून झाले, चालण्याचा सराव सुरू आहे, पण अर्जातल्या तीन रकान्यांपाशी पेन थांबलं आहे: पार्श्वभूमी, आवडीनिवडी, महत्त्वाकांक्षा. तुझ्या मते घरात सांगण्यासारखं काही नाही, कारण बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात आणि आई घर बघते. आवडी सगळ्या मुलींना असतात त्याच. व्हायचं आहे अभिनेत्री, पण तसं लिहिलं तर परीक्षक नाक मुरडतील अशी भीती वाटते, म्हणून तिथे 'समाजसेवा' लिहावं का, असं तू विचारतेस. पत्राचं शेवटचं वाक्य असं: "ताई, खरं लिहू की चांगलं लिहू?"

खरं लिही. पण खरं लिहिणं वाटतं तितकं सोपं नसतं गं, ते शिकावं लागतं. मी बरीच वर्षं मुलींची मुलाखतीची तयारी करून घेते आहे आणि मधूनमधून परीक्षकांच्या टेबलामागेही बसले आहे. त्यामुळे तो कागद भरताना मुलीच्या मनात काय चालतं आणि तो वाचताना परीक्षकाच्या मनात काय चालतं, हे दोन्ही मला जवळून माहीत आहे.

आधी त्या कागदाचं पुढे काय होतं ते ऐक. बाहेरच्यांना स्पर्धा म्हणजे गाऊन, दिवे आणि मुकुट एवढंच दिसतं. बहुतेक मोठ्या स्पर्धांत त्याआधी बंद दाराआड मुलाखत होते. मिस युनिव्हर्समध्ये ती अंतिम फेरीच्या आधी उरकते, टीव्हीवरच्या प्रेक्षकाला तिचा पत्ताही नसतो. मिस अमेरिकेतही परीक्षकांबरोबर खासगी मुलाखत असते. मिस वर्ल्डने २०१७ मध्ये 'हेड टू हेड' नावाची फेरी आणली, तिथे मुलींना स्वतःबद्दल आणि स्वतःच्या कामाबद्दल समोरासमोर बोलावं लागतं. लहान स्पर्धांमध्ये हेच कमी वेळात, कधी एखाद्या हॉटेलच्या खोलीत, कधी स्टेजच्या मागे उरकलं जातं. रीत कुठलीही असो, तू दारातून आत येण्याआधी तुझा कागद आत पोचलेला असतो.

परीक्षक तो आधी शांतपणे वाचून आलेला असेलच असं धरू नकोस. कित्येकदा मुलगी खुर्चीवर बसेपर्यंतच्या काही सेकंदांत आम्ही त्यावरून नजर फिरवतो. नजर एका शब्दाचा शोध घेत असते, जिथून बोलणं सुरू करता येईल अशा शब्दाचा. तो सापडला की पेनाने त्याभोवती गोल काढायचा आणि मान वर करायची. म्हणजे मुलाखतीची प्रश्नपत्रिका तू स्वतःच काढून आम्हाला देत असतेस. ज्या कागदावर गोल काढण्याजोगा एकही शब्द नसतो, त्या मुलीला मग ठोकळेबाज प्रश्न विचारले जातात: जगात काय बदलशील, आदर्श कोण, मुकुट मिळाला नाही तर काय करशील. त्या प्रश्नांवर सगळ्याच मुली सारख्या दिसतात. कागद मोकळा सोडण्याचा तोटा तो.

आता तिसऱ्या प्रश्नाबद्दल. माझ्या सगळ्या शिकवणीचा गाभा तोच आहे, म्हणून जरा निवांत सांगते.

परीक्षकाने विचारलेला पहिला प्रश्न प्रत्येक मुलीने पाठ केलेला असतो. "तुला वाचनाची आवड आहे, अलीकडे काय वाचलंस?" पुस्तकाचं नाव तयार असतं. दुसऱ्या प्रश्नाची निम्मी तयारी असते: "त्यात काय आवडलं?" त्याचंही उत्तर कुठूनतरी मिळवलेलं असतं. तिसरा प्रश्न मात्र दुसऱ्याच्या उत्तरातून निघतो आणि तो कोणालाच आधी माहीत नसतो, विचारणाऱ्यालाही नाही. "मग त्या माणसाशी तुझं कुठे पटलं नाही?" इथे ज्या मुलीने पुस्तक खरंच वाचलं आहे ती क्षणभर थांबते, डोळे वर जातात, आणि ती बोलायला लागते. जिने वाचलेलं नाही तिचं हसू तसंच राहतं, फक्त डोळे विझतात. मी ते विझणं इतक्यांदा पाहिलं आहे की आता ते बघायला नको वाटतं.

तेव्हा तिन्ही रकान्यांसाठी माझा नियम एकच: तिसऱ्या प्रश्नापर्यंत जे टिकेल तेवढंच लिहायचं. ओळी कमी झाल्या तरी चालतील.

एका मुलीने आवडींमध्ये लिहिलं होतं, 'बंद पडलेली घड्याळं उघडून बघणं'. बाकी कागदावर काहीच विशेष नव्हतं. आम्ही पाच जण होतो आणि पाचही जणांनी त्याच शब्दाभोवती गोल काढला होता. दुरुस्त होतात का, असं विचारलं. ती म्हणाली, बहुतेक होत नाहीत. मग उघडतेस कशाला? तर म्हणाली, बंद पडायचं कारण कळलं की झोप लागते. तिसरा प्रश्न माझा होता: सगळ्यात जास्त कोणी त्रास दिला? तिने एका स्प्रिंगची गोष्ट सांगितली. ती उडाली आणि दोन दिवस सापडली नाही, शेवटी आईच्या चपलेत निघाली. आम्ही सगळे हसलो, तीही हसली, आणि त्या खोलीत दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी खरंखुरं बोललं होतं. ती मुलगी जिंकली नाही, पहिल्या पाचांत आली. पण त्या दिवसातल्या मुलींमधून मला आज एकटी तीच आठवते.

पार्श्वभूमीच्या रकान्याकडे येते. मुलींच्या चुका इथे सगळ्यात जास्त होतात, कारण पार्श्वभूमी म्हणजे घरातल्या मोठ्यांचे हुद्दे अशी समजूत असते. वडील अमुक, आई तमुक, भाऊ परदेशी. वाचणाऱ्याला त्यातून मुलगी दिसतच नाही. तुझ्या घराने तुला कशाची सवय लावली, हे त्या रकान्यात यायला हवं.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिची आई रुग्णालयात परिचारिका. तिनेही तुझ्यासारखंच म्हटलं होतं, सांगण्यासारखं काही नाही. मी विचारलं, आईला रात्रपाळी असायची का? महिन्यातले कितीतरी दिवस, ती म्हणाली. मग दिवसा घरात कसं असायचं? ती म्हणाली, "आम्ही भावंडं कुजबुजत भांडायचो." एवढंच वाक्य, पण त्यात अख्खं घर आलं. आई दिवसा झोपायची म्हणून पडदे ओढलेले, टीव्हीचा आवाज बंद, कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारी दहा वर्षांची मुलगी. तिच्या आवडीत 'वेळापत्रकं बनवणं' असं होतं आणि ते लिहायची तिला लाज वाटत होती. महत्त्वाकांक्षेत 'आयएएस किंवा मॉडेल' असं काहीतरी. आम्ही चार दिवस नुसतं बोलत बसलो. शेवटी तिने स्वतःच लिहिलं की तिला रुग्णालयाच्या व्यवस्थापनात जायचं आहे आणि परिचारिकांच्या पाळ्या अशा आखायच्या आहेत की सलग रात्री कोणाच्याच वाट्याला फार येऊ नयेत. तिन्ही रकाने एका दोरीत आले. ती दोरी मी दिली नव्हती, तिच्या घरात ती आधीपासून होती. मी फक्त प्रश्न विचारत गेले.

साध्या घरातून येणं ही उणीव समजणाऱ्या मुलींना मी शेनिस पालासिओसचं नाव सांगते. २०२३ ची मिस युनिव्हर्स, आणि निकाराग्वाने हा मुकुट मिळवण्याची ती पहिलीच वेळ. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी घरच्यांबरोबर तिने तळलेले गोड पदार्थ विकले होते आणि ते तिने कधी लपवलं नाही. तिचं काम मानसिक आरोग्यावरचं, स्वतःला आलेल्या चिंतेच्या झटक्यांतून उभं राहिलेलं. अंतिम फेरीत, दुसऱ्या कुठल्या स्त्रीचं आयुष्य वर्षभर जगायला आवडेल असं विचारल्यावर तिने मेरी वोल्स्टनक्राफ्ट हे नाव घेतलं, अठराव्या शतकात स्त्रियांच्या शिक्षणाच्या बाजूने लिहिणारी लेखिका. असं नाव आयत्या वेळी सुचत नाही, ते आधीपासून आत असावं लागतं. आणि हे उत्तर तिने स्पॅनिशमध्ये दिलं, दुभाष्यामार्फत. तू अर्जाच्या इंग्रजीची काळजी करत होतीस म्हणून मुद्दाम सांगितलं. आधी आपल्या भाषेत लिही, मग उतरवून घे. परक्या भाषेत थेट लिहायला बसलं की आपण आपल्याला म्हणायचं असतं ते लिहीत नाही, त्या भाषेत जेवढं येतं तेवढंच लिहितो.

पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः एका मुलीला ढकललं आहे, म्हणून कळकळीने सांगते. साधेपणा सांगता सांगता दुःख सांगायचा मोह होतो. त्या मुलीचे वडील वर्षभरापूर्वी गेले होते. मी तिला ते लिहायला लावलं, कारण मला वाटलं की ते ऐकून परीक्षक हेलावतील. हेलावले. एकाने मायेनेच विचारलं, त्यांची कुठली गोष्ट रोज आठवते? तीच कोसळली. मुलाखत तिथेच थांबली आणि ती पुढे कित्येक दिवस सावरली नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. तेव्हापासून मी विचारते: ही गोष्ट सांगून झाल्यावर तू पाच मिनिटांत हसू शकतेस का? नसशील तर ती अजून ओली आहे, कागदावर आणायची नाही. ती तुझी आहे, परीक्षकांचा तिच्यावर हक्क नाही.

सुकलेली जखम कशी दिसते ते ओपल सुचाताकडे बघून कळतं. थायलंडची ही मुलगी ३१ मे २०२५ रोजी मिस वर्ल्ड झाली. १६ व्या वर्षी तिच्या स्तनात गाठ निघाली होती, ती कर्करोगाची नव्हती. त्यातून तिने स्तनांच्या कर्करोगाबद्दल जागृतीचं काम उभं केलं. ती भीतीबद्दल बोलते तेव्हा ऐकणाऱ्याला तिची कीव येत नाही, आपणही तपासून घ्यावं असं वाटतं.

घरच्यांबद्दल लिहिण्याआधी त्यांना विचार, हेही सांगून ठेवते. बाबांच्या कामाबद्दल, घरातल्या पैशांबद्दल, कोणाच्या आजारपणाबद्दल जे लिहिशील ते निवेदक स्टेजवरून मोठ्याने वाचू शकतो. आईबाबा पहिल्या रांगेत बसलेले असतील.

आवडीनिवडींबद्दल फार लांबण लावत नाही. वाचन, संगीत, प्रवास, नृत्य हे चार शब्द एका ओळीत आले की ती ओळ कोरीच आहे असं समज. आवड लिहिताना क्रियापद लिही, नाम नको. 'संगीत' म्हणजे काय करतेस? गातेस, ऐकतेस, जुन्या कॅसेट गोळा करतेस? आणि ती आवड आज जिवंत हवी. सातवीत असताना सोडलेलं कथक आवड म्हणून लिहिलंस तर परीक्षक 'दाखव' म्हणू शकतो.

आवड आणि कलाप्रदर्शन यांत मुलींची गल्लत होते. टॅलेंट फेरीत गाणं किंवा नाच हवाच, असा एक जुना समज आहे. डिसेंबर २०१९ मध्ये कॅमिल श्रायर मिस अमेरिका झाली. ती औषधशास्त्राची विद्यार्थिनी, आणि तिने स्टेजवर पांढरा कोट घालून रसायनशास्त्राचा प्रयोग केला. हायड्रोजन पेरॉक्साइडचं झपाट्याने विघटन होऊन फेसाचे उंच स्तंभ उसळले. प्रयोग शाळेत दाखवतात तोच, पण तो करताना ती जशी खुलली तशी नाचताना खुलली असती असं मला वाटत नाही. तिचं सामाजिक कामही औषधं सुरक्षितपणे घेण्याबद्दलचं होतं. म्हणजे शिक्षण, आवड, काम, सगळं एकाच कपाटातून काढलेलं. बघणाऱ्याला ही मुलगी एका वाक्यात लक्षात राहते.

आता तुझा खरा प्रश्न, अभिनेत्री की समाजसेवा.

सगळ्याच मुली समाजसेवा का लिहितात, ते आधी समजून घे. त्यात त्यांचा खोटेपणा कमी आणि स्पर्धांचा इतिहास जास्त आहे. मिस वर्ल्डमध्ये १९७२ पासून 'ब्युटी विथ अ पर्पज' आहे, आणि तिथे मुलीचं सामाजिक काम गुणांत धरतात. मिस अमेरिकेने १९८९ पासून प्रत्येक स्पर्धकाला एक सामाजिक विषय घेणं बंधनकारक केलं. त्याच्या आदल्या वर्षाची विजेती, के लानी रे राफ्को, परिचारिका होती आणि मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेबद्दल देशभर बोलत फिरली होती. २००१ साली फिलिपिन्समध्ये सुरू झालेली मिस अर्थ तर पर्यावरणावरच उभी आहे. मोठ्या स्पर्धांची ही रीत खालपर्यंत झिरपली, आणि झिरपताना पातळ झाली. वर एखादी मुलगी वर्षानुवर्षं काम करत असते, खाली तिच्याकडे बघून बाकीच्या नुसता शब्द उचलतात.

२०२१ च्या मिस वर्ल्डची विजेती कॅरोलिना बिएलाव्स्का हिचं काम बघ. पोलंडमधल्या वुच शहरात बेघर लोकांना गरम सूप आणि मदत देणारा एक उपक्रम आहे, त्यात ती हात लावत होती. जागा ठरलेली, माणसं ठरलेली, काम ठरलेलं. तिला तिसरा प्रश्न विचारला तर ती सूपच्या पातेल्याबद्दल बोलू शकते. तुझ्याकडे असं काही असेल, अगदी शेजारच्या दोन मुलांचा अभ्यास घेत असलीस तरी, ते जरूर लिही. दोन म्हणजे दोनच लिही, पन्नास करू नकोस. आणि नसेल तर तो शब्द कागदावर येऊ देऊ नकोस. करत नसलेलं काम लिहिणाऱ्या मुलीला तिसऱ्या प्रश्नापर्यंतही जावं लागत नाही, 'कोणत्या दिवशी जातेस?' एवढ्यानेच तिचं पितळ उघडं पडतं.

अभिनेत्री व्हायचं आहे हे लिहायला लाजू नकोस. या वाटेने गेलेल्यांची नावं कोणालाही तोंडपाठ असतात. मिशेल यो १९८३ साली मिस मलेशिया झाली. त्याआधी ती लंडनमध्ये बॅले शिकत होती आणि पाठीच्या दुखापतीमुळे ते स्वप्न मोडलं होतं. पुढे चाळीस वर्षांनी, २०२३ मध्ये, तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. हॅली बेरी १९८६ च्या मिस यूएसएमध्ये उपविजेती होती, तिला ते २००२ मध्ये मिळालं. लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा दोघी २००० च्या, एक मिस युनिव्हर्स, दुसरी मिस वर्ल्ड, आणि दोघी सिनेमात गेल्या. परीक्षकांना हे सगळं माहीत असतं. अभिनयाची इच्छा असल्याने कोणी नाक मुरडत नाही. 'सिनेमात जायचं म्हणून मुकुट हवा' एवढंच ऐकू आलं तर मात्र मुरडतं, कारण मग आमची स्पर्धा म्हणजे तुझ्यासाठी फक्त जिना.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही ठेव. रीटा फारिया १९६६ साली मिस वर्ल्ड झाली, हा मुकुट मिळवणारी आशियातली पहिली स्त्री. तेव्हा ती वैद्यकीय शिक्षण घेत होती. करारातलं वर्ष पार पडल्यावर तिने सिनेमा आणि मॉडेलिंगकडे पाठ फिरवली, अभ्यासाला परतली आणि डॉक्टर झाली. मिशेल यो आणि रीटा फारिया यांच्या वाटा एकमेकींच्या उलट दिशेच्या, पण दोघींनाही मुकुटापलीकडे करायचं काम होतं. परीक्षक महत्त्वाकांक्षेच्या रकान्यात तेच शोधत असतो: मुकुट डोक्यावर नसेल त्या सोमवारी सकाळी ही मुलगी उठून काय करेल?

म्हणून महत्त्वाकांक्षा जवळची लिही. 'यशस्वी अभिनेत्री' हे फार लांबचं ठिकाण झालं, तिथवरचा रस्ता त्यात दिसत नाही. येत्या वर्षात नाट्यप्रशिक्षण घेणार आहेस का? आवाजाचं काम करायला आवडेल का, डबिंग, नभोनाट्य? कोणत्या प्रकारची माणसं उभी करायची आहेत? २०२२ ची मिस युनिव्हर्स आर'बॉनी गॅब्रिएल फॅशन डिझायनर आहे. अंतिम उत्तरात तिने सांगितलं की ती कपडे करताना पुन्हा वापरलेलं साहित्य घेते, आणि मानवी तस्करी व घरगुती हिंसेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांना शिवण शिकवते. जग बदलायची भाषा त्यातही होती, पण हाताला आधीपासून सुई होती. उत्तर तोललं ते त्या सुईने.

वयाचंही मनावर घेऊ नकोस. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहित स्त्रियांना आणि मातांना दार उघडलं, आणि २०२४ पासून वयाची वरची मर्यादाही काढली. पूर्वी ती २८ होती. लहान स्पर्धाही हळूहळू त्या वाटेने चालल्या आहेत. तुझ्या शेजारी उद्या दहा वर्षं नोकरी केलेली, मूल वाढवलेली स्पर्धक उभी असू शकते. तिच्या कागदाशी कर्तृत्वाची बरोबरी करायला जाऊ नकोस, तुझा कागद फुगलेला दिसेल. १९ व्या वर्षी 'मी हे शिकते आहे' असं लिहिणं शोभतं, आणि त्या वाक्यावर चांगले प्रश्नही येतात.

चुकीची भीतीही इतकी बाळगू नकोस. प्रियांकाला अंतिम फेरीत हयात असलेली सर्वांत यशस्वी स्त्री कोण असं विचारलं, तेव्हा तिने मदर तेरेसांचं नाव घेतलं. त्या १९९७ मध्येच वारल्या होत्या. तरी मुकुट तिलाच मिळाला. परीक्षक माणसाला ऐकत असतात.

थोडं सावधपणाचं, कारण तू पहिल्यांदाच उतरते आहेस. अर्जात घराचा पूर्ण पत्ता, कॉलेजची वेळ, रोजचा येण्याजाण्याचा रस्ता असलं काही लिहायचं नाही. आयोजकांना कागदपत्रं हवी असतील तर ती वेगळी द्यायची, ती माहिती परिचयात येता कामा नये. निवड झाल्यावर दर टप्प्याला नव्याने पैसे मागणाऱ्या स्पर्धेतून बाहेर पड. विजेतीचा करार आधी मागून घे आणि कायदा जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घे. विजेती ठरावीक काळ आयोजकांना बांधलेली असते, आणि अभिनयाचं काम तू त्या काळात घेऊ शकतेस की नाही हे त्यातच लिहिलेलं असतं. तुझ्यासारख्या मुलीसाठी ते कलम मुकुटाइतकंच महत्त्वाचं आहे. परिचय दुसऱ्याकडून लिहून घेऊ नकोस, माझ्याकडूनही नाही. दुसऱ्याने लिहिलेला शब्द तोंडात बसत नाही, तो म्हणताना जीभ अडते आणि परीक्षकाला ऐकू येते.

आता तुझ्या पत्राकडे. चौथ्या परिच्छेदात, दुसरंच काहीतरी सांगताना, तू कंसात लिहिलं आहेस: "बाबा फेरीवरून आले की रस्त्यात भेटलेल्या माणसांच्या गोष्टी सांगतात, ढाब्यावरचा म्हातारा, नाक्यावरचा शिपाई, आणि मग मी त्यांच्या नकला करून आईला हसवते." पुढे लगेच तू म्हणतेस की आवडी सगळ्यांसारख्याच आहेत.

मी परीक्षक असते तर त्या कंसाभोवती गोल काढला असता. ज्या माणसांना तू कधी पाहिलंच नाहीस, त्यांना तू फक्त बाबांच्या बोलण्यावरून उभं करतेस. खोकला कसा, थांबतो कुठे, पैसे मोजताना मान कशी हलते. हे तू लहानपणापासून करते आहेस, आणि तुला वाटतं की अभिनयाची इच्छा ही वरून चिकटवलेली, चारचौघांत न सांगण्याजोगी गोष्ट आहे. ती तर थेट घरातून आली आहे. बाबांचं ट्रक चालवणं तुझ्या पार्श्वभूमीत यायला हवं ते एवढ्यासाठी की त्यांनी घरी माणसं आणली. नकला आवडीत यायला हव्यात. आणि महत्त्वाकांक्षेत अभिनय, पण कुठल्या माणसांचा, ते लिहून. तुझ्या पत्रावरून मला वाटतं की तुला नायिकेपेक्षा ढाब्यावरचा म्हातारा जास्त खुणावतो. तसं असेल तर बिनधास्त लिही. नसेल तर माझं ऐकू नकोस.

आज रात्री तिन्ही रकाने प्रत्येकी चार ओळींत लिही, आईला मोठ्याने वाचून दाखव, आणि वाचताना जिथे तुलाच अवघडल्यासारखं होईल ते वाक्य काढून टाक. उरेल ते मला पाठव. त्यावरचा माझा पहिला आणि दुसरा प्रश्न तुला सहज ओळखता येईल. तिसरा मात्र आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे विचार करायला दोन दिवस मिळतील: इतक्या सगळ्यांच्या नकला करतेस, पण त्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या बाबांची नक्कल कधी केली आहेस का?